सपाट जमिनीचा हट्ट

१५६६ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या पार्लमेंटने धान्य वाचवण्यासाठी एक कायदा केला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत मोडणाऱ्या वस्तीने, जमीनधारकांकडून पट्टी वसूल करून निधी ठेवायचा आणि यादीतल्या प्राण्याचे मुंडके जो आणून दाखवील त्याला त्यातून पैसे मोजायचे, अशी त्यातली तरतूद होती. खोकड आणि बॅजर यांना १२ पेन्स, हेजहॉग या काटेरी जीवाला २ पेन्स, आणि जमिनीखाली बोगदे खोदणाऱ्या मोलला अर्धा पेनी. हा मोल महाराष्ट्रात कुठेच नाही. भारतात त्याची भावंडे हिमालयाच्या पूर्व टोकाला आणि ईशान्येच्या डोंगरांत तेवढी सापडतात. आपल्या चिचुंद्रीचा तो लांबचा नातलग. लांबी जेमतेम वीतभर, अंगावर मखमलीसारखी काळी लव, डोळे नावापुरते, आणि पुढचे पंजे रुंद व बाहेरच्या बाजूला वळलेले. तो गांडुळे खातो, एकटा राहतो, आणि बोगद्यातली माती वर ढकलून ठिकठिकाणी तिचे ढीग करतो. आज ब्रिटनमध्ये घरापुढच्या हिरवळीची नासाडी करणारा प्राणी कोणता असे विचारले, तर बहुतेक जण याचेच नाव घेतील. अर्धा पेनी ते हिरवळीचा शत्रू हा चारशे-साडेचारशे वर्षांचा प्रवास पाहिला की एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे येते. मोलने या काळात आपली एकही सवय बदललेली नाही. बदलत गेली ती त्याच्या डोक्यावरची जमीन आणि त्या जमिनीकडून माणसाची असलेली अपेक्षा. त्याचा गुन्हा प्रत्येक वेळी वरच्या जमिनीच्या मालकाने नव्याने लिहिला, आणि घरगुती हिरवळीने तो लिहिला तेव्हा त्यात नुकसानीचा भाग फार थोडा उरला होता.

आता कोणी म्हणेल की सोळाव्या शतकातच सरकारने त्याच्या मुंडक्याला भाव लावला, त्या अर्थी तो उपद्रवी होताच. हिरवळीवर खापर कशाला फोडायचे? पण त्या यादीला पुरावा मानण्याआधी ती नीट वाचावी लागते. धान्य वाचवण्याच्या नावाखाली तीत किंगफिशरही आहे, म्हणजे आपल्याकडचा छोटा निळा खंड्या. तो मासे खातो, दाण्याला शिवतही नाही. हेजहॉगवर राग होता तो तो रात्री बसलेल्या गाईंच्या आचळांना तोंड लावून दूध पितो या समजुतीमुळे. लोकसंख्या वाढत होती, धान्याचे भाव चढत होते, वाईट हंगामांची आठवण ताजी होती. अशा काळात शेतात, मळ्यात आणि तळ्यात माणसाशिवाय जो कोणी दिसेल तो वाटेकरी वाटू लागतो. रॉजर लव्हग्रोव्ह यांनी 'सायलेंट फील्ड्स' या २००७ सालच्या पुस्तकात शेकडो पॅरिशांचे जुने हिशेब तपासून दाखवले आहे की कोणत्या प्राण्यावर किती पैसे खर्च होत हे गावागणिक वेगळे होते. प्राण्यांच्या संख्येइतकाच त्यात गावकऱ्यांच्या मर्जीचा आणि सवयीचा वाटा होता. मोलच्या बाबतीत तर आरोपही सरळ नव्हता. तो दाणा खात नाही, मूळ खात नाही. बोगदा रोपाच्या बुडाखालून गेला तर मूळ अधांतरी राहते आणि रोप वाळते, एवढेच. ते नुकसान खरे आहे, पण कुठे होईल याचा नेम नसलेले, आणि पेरणी-लावणीच्या काळापुरते.

या कायद्याने एक धंदा मात्र बाळसे धरू लागला. अर्धा पेनी मुंडक्यामागे मिळत असेल, तर पकडणाऱ्याला सगळे मोल संपवणे परवडत नाही. पुढच्या वर्षासाठी काही राखावे लागतात. हे चर्चच्या कारभाऱ्यांच्याही ध्यानात येत असावे, कारण अनेक पॅरिशांनी पुढे मोल पकडणाऱ्याशी वर्षाकाठी ठरावीक रकमेचा करार केलेला दिसतो. तसा करार झाला की त्याचे हित उलटे फिरते, म्हणजे जितके मोल कमी तितके त्याचे पायपीट करणे कमी. पगार कसा द्यायचा यावर जमिनीखालच्या प्राण्यांची संख्या ठरत होती, ही त्या काळाची मला सर्वांत लक्षवेधी वाटणारी बाब. हे लोक आपली विद्या घरातच ठेवत, बापाकडून मुलाकडे. साधने साधी होती. लाकडाची पोकळ नळी बोगद्यात बसवायची, तिच्या तोंडाशी घोड्याच्या केसांचा फास, आणि फास वर ओढायला जमिनीत रोवून वाकवलेली हेझेलची ओली काठी. नळीतून जाणाऱ्या मोलने आतली खुंटी ढकलली की काठी सुटे. खरे कसब मात्र सापळ्यात नव्हते, जागा हेरण्यात होते. ढिगाखाली सापळा लावणारा नवखा. तिथे मोल पुन्हा येईलच असे नाही. जाणता माणूस कुंपणाच्या कडेने, जुन्या पायवाटेखालून जाणारा नेहमीचा वहिवाटीचा बोगदा टाचेने दाबून ओळखत असे.

या विद्येवरचा पडदा प्रथम फ्रान्समध्ये दूर झाला. आंरी ल कूर हा राज्यक्रांतीपूर्वीच्या दरबाराशी संबंधित माणूस नंतर मोल पकडण्याकडे वळला आणि त्यात इतका निष्णात झाला की कादे द व्हो या शेतीविषयक लेखकाने १८०३ साली त्याच्या पद्धतीवर पुस्तकच लिहिले. त्यातला एक प्रयोग एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत सापडतो. ल कूरने एका बोगद्याच्या वाटेवर ओळीने गवताच्या काड्या आत टोचल्या, वरच्या टोकांना कागदाच्या पताका लावल्या, आणि मोल दूरच्या टोकाला चरत असताना बोगद्यात शिंग फुंकले. एकामागून एक पताका थरथरत गेल्या आणि तो दुडक्या चालीच्या घोड्याइतक्या वेगाने पळतो असा निष्कर्ष निघाला. त्या काळचे सगळेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. घरट्यावरच्या मोठ्या ढिगात गोलाकार दालनांचा आणि जोडमार्गांचा एक ठरावीक किल्ला असतो, असे एक सुबक चित्र या फ्रेंच वर्णनांतून निघाले आणि शंभर वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरवले गेले. १९०३ मध्ये लायनेल अ‍ॅडम्स यांनी स्वतः असे ढीग खणून पाहिले तेव्हा कळले की कोणतेही दोन ढीग सारखे नसतात. ज्या प्राण्याला माणूस तीनशेहून अधिक वर्षे पैसे देऊन मारत होता, त्याचे घर कसे असते हे पाहण्याची तसदी इतक्या उशिरा घेतली गेली.

माझ्या म्हणण्यावर दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिरवळ जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून बागायतदार मोलवर चिडलेले होते. रोमन लेखक पॅलाडियस याने आपल्या शेतीच्या ग्रंथात आर्टिचोकच्या वाफ्यांत मोलच्या बंदोबस्तासाठी मांजरे ठेवावीत असे सांगितले आहे, काही लोक माणसाळवलेली मुंगसासारखी वीझल ठेवतात असेही तो नोंदवतो. बोगद्यात गंधकाचा धूर सोडण्याची युक्तीही त्या काळात माहीत होती. तेव्हा बागेतला मोल हा दीड हजार वर्षांहून जुना वैरी. हे सगळे मान्य. पण पॅलाडियसचा बागायतदार वाफ्यातल्या रोपाची काळजी करतो आहे. रोप उपटले गेले तर त्याचे पीक जाते, त्याची भाजी जाते. वाफ्याशेजारच्या गवतात मोलने ढीग केला तर त्याबद्दल त्याची काहीच तक्रार नाही, कारण त्या गवताकडून त्याला चाऱ्यापलीकडे काही नको होते. तक्रार पिकाची असेपर्यंत मोलचा प्रश्न जागेपुरता आणि हंगामापुरता राहतो. जमीन सपाटच दिसली पाहिजे अशी मागणी आली की मात्र तो बारमाही होतो आणि एकेका ढिगापर्यंत येऊन पोहोचतो.

ही मागणी किती अलीकडची आहे याचा एक साक्षीदार इंग्लंडच्या राजघराण्यातच आहे. १७०२ च्या फेब्रुवारीत तिसरा विल्यम हॅम्प्टन कोर्टच्या बागेत रपेट करत असताना त्याचा घोडा अडखळला, राजा पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले आणि मार्चमध्ये तो वारला. घोड्याचा पाय मोलच्या ढिगात गेला असे तेव्हापासून सांगितले जाते, आणि विल्यमने ज्यांच्या राजाला गादीवरून हटवले होते ते जेकबाइट लोक त्यानंतर बरीच वर्षे 'काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्‌गृहस्थाच्या' नावाने प्याले उंचावत राहिले. ढीग खरोखर होता की नव्हता, या वादात पडायचे कारण नाही. ती गोष्ट लोकांना सहज पटली, एवढे मला पुरे. म्हणजे खुद्द राजाच्या बागेत मोलचे ढीग असणे कोणाला नवलाचे वाटत नव्हते. ते गवत हरणांना चरायला आणि घोडे पळवायला होते. त्या मृत्यूवर विनोद झाले, राजकारण झाले, पण राजाच्या माळ्यांनी हिरवळीची हेळसांड केली अशी ओरड ऐकू येत नाही.

हिरवळ दृश्य म्हणून पुढे आली ती अठराव्या शतकात. लॅन्सलॉट ब्राऊन, ज्याला सगळे 'केपेबिलिटी' ब्राऊन म्हणत, याने मोठ्या हवेल्यांभोवतीच्या भौमितिक बागा मोडून गवत थेट भिंतीपर्यंत आणले. १७६४ साली तो हॅम्प्टन कोर्टचाही राजमाळी झाला. ते गवत कापायचे तर लांब दांड्याचा विळा घेऊन गडी पहाटे दव असतानाच ओळीने निघत, कारण ओले गवत चांगले कापले जाते. उरलेले मेंढ्या खात. असे गवत राखणे हे पुष्कळ मजूर पदरी असल्याचे लक्षण होते. विळा कितीही सफाईने फिरवला तरी गवत थोडे वर-खाली राहायचेच, आणि ढीग आला की कसलेला गडी पाते उचलून पुढे जायचा. १८३० साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने या सगळ्याला फाटा दिला. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि कापडावरची लव एकसारखी भादरण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरत. बडिंगने तेच तत्त्व गवताला लावले आणि पेटंट घेतले. गावाकडच्या सद्‌गृहस्थांना हे यंत्र ढकलणे करमणुकीचे आणि अंगाला व्यायाम देणारे वाटेल, अशी त्याने पुस्तीही जोडली होती. इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने १८३२ पासून ही यंत्रे बनवायला घेतली; पुढे स्कॉटलंडमधल्या शँक्स यांनी तट्टाने ओढायची मोठी यंत्रे काढली, आणि खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून त्या तट्टांना चामड्याचे बूट चढवू लागले.

मोलच्या इतिहासातला कळीचा क्षण मला या यंत्रात दिसतो, १५६६ च्या कायद्यात नाही. कापड भादरायच्या यंत्राला गाठी चालत नाहीत. त्याचे स्थिर पाते जमिनीपासून बोटभर उंचीवर असते. मोलच्या ढिगातले खडे त्यात गेले की पात्याची धार जाते, माती गेली की रूळ तुंबतो. विळ्याला जो अडथळा ओलांडता येत होता तो यंत्राला ओलांडता येईना, आणि मग अडथळा काढणे हे गवत कापण्याच्या कामाचाच भाग झाले. पाठोपाठ खेळ आले. १८६० च्या दशकात क्रोकेची लाट आली, १८७४ साली मेजर विंगफील्डने लॉन टेनिसचे पेटंट घेतले, १८७७ मध्ये विम्बल्डनला पहिली स्पर्धा झाली. चेंडूची उसळी एकसारखी हवी तर जमीन रुळाखाली दाबलेली हवी. आणि मग दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत ब्रिटनमध्ये सुमारे ४० लाख घरे उठली. त्यांतली पुष्कळशी शहराबाहेर, जोडघराच्या पद्धतीची, पुढे छोटा आणि मागे मोठा गवताचा तुकडा असलेली. हवेलीचे दृश्य कारकुनाच्या दारात आले. हवेलीच्या शंभर एकरांत वीस ढीग कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हते. दहा पावलांच्या तुकड्यात ते वीसच दिसतात. घरमालकाला वाटते जमिनीखाली मोलची फौज आहे. बहुतेक वेळा तिथे एकच असतो. मोल दुसऱ्या मोलला आपल्या बोगद्यात सहन करत नाही, आणि ढीग जास्त होतात ते त्याने जागा नव्याने घेतली असेल किंवा गांडुळे कमी असल्यामुळे त्याला जास्त खोदावे लागत असेल तेव्हा.

गवताची किंमत अशी माणसाच्या नजरेवर ठरते हे समजायला आपल्याला विलायतेत जायचीही गरज नाही. १८७५ मध्ये मुंबईत बॉम्बे जिमखाना सुरू झाला, पुण्याच्या लष्करी भागात बंगले आणि क्लब वाढले, तेव्हा इंग्रजी गवते इथल्या उन्हात तग धरत नाहीत हे साहेबाच्या लक्षात आले आणि हिरवळीसाठी त्याने हरळी जवळ केली. दख्खनच्या काळ्या जमिनीत हीच हरळी शेतकऱ्याच्या छातीवर बसलेली. तिच्या खोल मुळ्या उपटायला भारी नांगर आणि बैलांच्या जोड्यांवर जोड्या लागत. गणपतीला वाहायच्या दूर्वांपुरतेच काय ते तिचे कौतुक. एकाच जिल्ह्यात एक माणूस तिला खणून उन्हात वाळवत होता आणि दुसरा तिला रोज पाणी पाजायला माळी ठेवत होता. बिळे करणाऱ्या आपल्या घुशीचेही असेच. भातखाचराचा बांध तिने पोखरला की पाणी वाहून जाते आणि पीक बसते, तिथे शेतकऱ्याचा संताप रोकडा असतो. सोसायटीच्या लॉनवर तिने भोक पाडले तर ते दिसायला वाईट, एवढ्यावर तक्रार संपते. बंदोबस्त मात्र दोन्हीकडे सारखाच कडक.

ब्रिटनच्या हिरवळीत आणखी एक विरोधाभास आहे, आणि तो मुळात गांडुळाचा. नांगरलेल्या शेतात मोल फारसा टिकत नाही. फाळाने बोगदे मोडतात, गांडुळे कमी होतात. त्याला हवे असते ते कायम गवताखालचे, न नांगरलेले, ओलसर, गांडुळांनी भरलेले रान. माणसाने घरापुढे नेमके तेच तयार केले, त्याला खत-पाणी घातले, आम्लता कमी व्हावी म्हणून चुना टाकला. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले की गवताखालची माती वर-खाली करत राहण्याचे काम तेच करतात. मोल ती गांडुळे डोक्याशी चावा घेऊन लुळी करतो आणि जिवंतच साठवून ठेवतो. असे शेकडो गांडुळांचे साठे सापडले आहेत. हिरवळवाल्यांनी विसाव्या शतकात यावर जो उपाय काढला तो सरळ गांडुळांवर. गोल्फची मैदाने आणि बागा यांवर लेड आर्सेनेट, पुढे क्लोरडेन अशी विषे टाकून गांडुळे मारली जाऊ लागली. त्यांच्या विष्ठेच्या वळकट्यांमुळे मैदान चिकट होते हे एक कारण, आणि गांडूळ गेले की मोल उपाशी पडून निघून जातो हे दुसरे. ब्रिटनमध्ये क्लोरडेनवर १९९२ मध्ये बंदी आली. हिरवळ टिकावी म्हणून जमीन सच्छिद्र ठेवणारा जीव मारायचा आणि मग तीच जमीन घट्ट झाली म्हणून यंत्राने तिला भोके पाडत फिरायचे, हा उद्योग मैदानांवर पुढेही चालत राहिला. भोके यंत्राने पाडली की त्यांना देखभाल म्हणतात.

मोलसाठीचे खास विष होते स्ट्रिक्नीन, आणि त्याचा धागा थेट कोकणात येतो. पेल्तिये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये ते वेगळे काढले. त्याचा मुख्य व्यापारी स्रोत म्हणजे काजऱ्याच्या बिया, ज्यांना वैद्य कुचला म्हणतात. कोकणापासून मलबारपर्यंतच्या रानांतला हा वृक्ष, आणि त्याच्या चपट्या, रुपेरी लवेच्या बिया हिंदुस्थानातून जहाजाने विलायतेला जात. तिथे त्यांचे पांढरे चूर्ण होई, त्यात गांडुळे घोळवली जात आणि ती बोगद्यात सोडली जात. फास आणि काठी घेऊन फिरणाऱ्या जुन्या कसबी माणसाचे दिवस यानेच संपवत आणले. त्याला मधल्या काळात फरच्या व्यापाराने तारले होते. मोलची लव पुढे-मागे कशीही बसते, त्यामुळे त्याची कातडी जोडून केलेला कोट मऊ आणि तकतकीत दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा कोटांची चलती होती. राणी अलेक्झांड्राने असे वस्त्र शिवून घेऊन ही टूम रूढ केली असे सांगतात. एका कोटाला शेकडो कातडी लागत. तेवढी काही वर्षे मोल हा उपद्रव आणि माल अशा दोन्ही नात्यांनी जगला. फॅशन ओसरली आणि विष उरले. स्ट्रिक्नीनने येणारे मरण फार यातनामय असते, म्हणून १९६२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सस्तन प्राण्यांवर त्याचा वापर थांबवण्याचा मार्ग मोकळा झाला, पण मोलला त्यातून वगळले गेले. बाकी कोणावरही वापरू नये इतके क्रूर ठरलेले विष मोलवर परवान्याने २००६ पर्यंत चालत राहिले. तो जमिनीखाली मरतो, तडफडताना दिसत नाही, याहून सबळ कारण मला तरी यामागे दिसत नाही. वर दिसणारा ढीग असह्य आणि खाली न दिसणारे मरण सुसह्य, असा एकूण हिशेब होता.

शेतकऱ्याचे म्हणणे मात्र मी हिरवळवाल्याच्या पारड्यात टाकू देणार नाही. गवत कापून, दाबून, आंबवून गुरांसाठी सायलेज करतात; त्यात ढिगाची माती मिसळली तर लिस्टेरिया जंतू वाढतात आणि ते खाऊन मेंढ्या दगावतात. कापणी यंत्रांची पाती तुटतात. हे नुकसान मोजता येते. आणि तरीही शेतकऱ्यांतही एकमत नव्हते. स्कॉटलंडच्या एट्रिक खोऱ्यातला मेंढपाळ लेखक जेम्स हॉग याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोलची बाजू घेतली. त्याच्या मते मोल मारून टाकल्यापासून कुरणांची मशागत थांबली आणि मेंढ्यांना खंगत जाण्याचा रोग जडला. रोगाचे कारण त्याने चुकीचे ओळखले होते. शंभरेक वर्षांनी, १९३० च्या दशकात, अशा खंगण्यामागे चाऱ्यातल्या कोबाल्टची कमतरता असते हे सिद्ध झाले. पण त्याचे निरीक्षण तिरस्कारातून आलेले नव्हते. वर आलेली माती मेंढ्यांच्या चराईत पसरते, बोगद्यांतून पाण्याचा निचरा होतो, हे त्याने पाहिले होते, आणि त्यातला निचऱ्याचा भाग आजही कोणी खोडून काढलेला नाही. जमिनीवर ज्याचे पोट आहे तो मोलकडे नफा-तोटा मांडून पाहतो आणि त्यात दोन्ही बाजू निघतात. हिरवळीच्या मालकाला अशी मांडणी करायची गरजच पडत नाही.

यावर हिरवळीचा मालक म्हणेल की जमीन माझी, तिथे माझी मुले खेळतात, सपाट हवी ही माझी हौस आहे आणि हौसेला नुकसानीचा पुरावा कशाला? रास्त आहे. पाय मुरगळण्याची भीतीही खोटी नाही. फक्त त्या हौसेचा खर्च काय आणि तो कितीदा करायचा, हे त्याने पाहावे. लसूण, बाटल्या, वाऱ्यावर फिरणारे भिरभिरे, जमिनीत थरथरणारी विजेची कांडी, मोलला पळवते म्हणून लावलेली विषारी चिकाची झाडे, असल्या उपायांवर दुकाने चालतात, पण त्यांतल्या कशानेही मोल कायमचा हटतो असे दिसलेले नाही. सापळ्याने तो नक्की मरतो. १९५८ च्या एका आदेशाने ब्रिटनमध्ये मोलचे सापळे इतर सापळ्यांना लागणाऱ्या मंजुरीतून सुटले, त्यामुळे बागेच्या दुकानातून कोणीही ते आणून लावू शकतो, आणि अडाण्याने लावलेल्या सापळ्यात मोल तासन्‌तास अडकून पडण्याची शक्यता असते. स्ट्रिक्नीन गेल्यावर म्हणूनच जुना कसबी माणूस पुन्हा धंद्यात आला. आज त्याच्या गिऱ्हाइकांत शेतकऱ्यांबरोबर घरमालक मोठ्या संख्येने आहेत, आणि या पकडणाऱ्यांतले पुष्कळ जण मोल पकडला तरच पैसे घेतात. त्यांना कामाची ददात नाही. २०१८ च्या एका अंदाजानुसार ब्रिटनमध्ये सुमारे ४ कोटी मोल आहेत. उन्हाळ्यात आया पिल्लांना घरट्याबाहेर काढतात आणि ती पिल्ले जमिनीवरून वाट काढत मोकळ्या जागेच्या शोधात निघतात. वसंतात ज्या हिरवळीवरचा मोल मारला, तिथे खोदलेले बोगदे आणि न खाल्लेली गांडुळे आयतीच असतात. शेजारचा मोलही ते रिकामे झाल्याचे लवकरच हेरतो. घरमालक मग तोच नंबर पुन्हा लावतो. सापळेवालाही हिरवळीचे नाव सांगताच बोगदा कुठल्या कडेने जातो ते न विचारता ओळखतो.